जस्ताच्या जागी बिस्मथ

मेरोपेनेम हे राखून ठेवायचे औषध. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला झालेला न्यूमोनिया, शस्त्रक्रियेनंतर पोटात साचलेला पू अशा प्रसंगी साध्या प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, तेव्हा डॉक्टर शिरेतून मेरोपेनेम देतात. कल्चरच्या रिपोर्टमध्ये त्याच्याही पुढे ‘रेझिस्टंट’ असे आले, तर फार थोडे पर्याय हाती उरतात. २००८ च्या सुरुवातीला स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत असा क्लेबसिएला जिवाणू सापडला. त्याआधी हा रुग्ण नवी दिल्लीत उपचार घेत होता. मेरोपेनेमच्या कुळातली औषधे तोडून टाकणारे एक नवे एन्झाइम या जिवाणूजवळ होते. त्याचे नाव पडले न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, थोडक्यात एनडीएम-१. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये अशा औषधांना दाद न देणाऱ्या २४ जिवाणूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २२ जिवाणूंत हेच एन्झाइम निघाले.

हे एन्झाइम जस्ताच्या दोन अणूंवर चालते. ते अणू निघून गेले की ते मेरोपेनेमचे काहीच वाकडे करू शकत नाही. हाँगकाँग विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की जस्ताला तिथून हुसकावण्याचे काम बिस्मथ हा धातू करतो, आणि तोही पोटाच्या अल्सरवर कित्येक वर्षे दिल्या जाणाऱ्या औषधातला बिस्मथ. धातूची औषधे म्हटली की आपल्याला आधी विष आठवते. या विषयात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. जिवाणूचे जगणे लोह, जस्त आणि गंधक यांच्या बारीक रसायनावर उभे असते, आणि धातूची संयुगे नेमकी त्याच रसायनात हात घालतात. हे कसे घडते ते सावकाश पाहू.

जिवाणूभोवती एक टणक, जाळीदार भिंत असते. तो वाढतो तेव्हा ही जाळी जागोजागी उसवून पुन्हा विणावी लागते, आणि हे विणकाम काही विशिष्ट प्रथिने करतात. पेनिसिलिनच्या कुळातली सगळी औषधे, मेरोपेनेमसह, या प्रथिनांना जखडतात. त्यांची ताकद चार अणूंच्या एका छोट्या कड्यात असते: तीन कार्बन आणि एक नायट्रोजन. चारच अणूंचे असल्यामुळे हे कडे ताणलेले असते आणि चटकन उघडते. उघडता उघडता ते विणकाम करणाऱ्या प्रथिनाला पक्के चिकटते. मग भिंत अर्धवट राहते आणि जिवाणू फुटतो.

औषध भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच कोणी हे कडे उघडले तर औषध वाया गेले. बीटा-लॅक्टमेज नावाची एन्झाइमे हेच करतात. त्यांतली बरीचशी सेरीन नावाच्या अमिनो आम्लाच्या साहाय्याने कडे उघडतात, आणि त्या क्रियेत औषध क्षणभर सेरीनला जोडले जाते. या क्षणाचा फायदा क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घेते. ते सेरीनला जाऊन चिकटते आणि सुटत नाही. अमॉक्सिसिलिनच्या गोळ्यांच्या नावात ‘क्लॅव्ह’ दिसते ते याचेच.

एनडीएम-१ पुढे मात्र ही युक्ती चालत नाही. त्याच्या खाचेत जस्ताचे दोन अणू शेजारी शेजारी बसलेले असतात आणि दोघांच्या मध्ये पाण्याचा एक रेणू धरलेला असतो. जस्तावरच्या धनभारामुळे पाण्यातला एक हायड्रोजन सुटून जातो, उरलेला तुकडा आक्रमक होतो आणि मेरोपेनेमच्या कड्यावर तुटून पडतो. इथे औषध एन्झाइमच्या कोणत्याही अमिनो आम्लाला पक्के जोडले जात नाही. त्यामुळे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडने चिकटावे असे काही सापडतच नाही.

जस्तच काढून घ्यावे, हा विचार अर्थातच पहिल्यापासून होता. ईडीटीए हा पदार्थ धातूंना घट्ट पकडतो. तो घातला की परीक्षानळीत एनडीएम-१ बंद पडते, इतके हमखास की अशी एन्झाइमे ओळखण्याच्या चाचणीतच तो वापरला जातो. रुग्णाच्या बाबतीत अडचण अशी की आपल्याही शेकडो एन्झाइमांना जस्त लागते, आणि ईडीटीए रक्तातले कॅल्शियमही ओढून घेतो. समोर दिसेल तो धातू पकडणारे औषध रुग्णाच्या शरीरात सोडणे धोक्याचे.

बिस्मथचा मार्ग वेगळा आहे. आवर्त सारणीत हा ८३ व्या जागी, शिशाच्या लगेच पुढे बसतो. थॅलियम आणि शिसे हे त्याचे शेजारी आहेत, हे लक्षात घेतले तर त्याचे सौम्यपण आश्चर्यकारक वाटते. अमेरिकेत पोट बिघडल्यावर घेतात ते गुलाबी पेप्टो-बिस्मॉल म्हणजे बिस्मथचेच संयुग. ते घेतल्यावर कधी कधी जीभ काळी पडते, शौचालाही काळे होते, आणि रुग्ण घाबरतो. प्रत्यक्षात लाळेतल्या आणि आतड्यातल्या गंधकाशी बिस्मथचा संयोग होऊन काळे बिस्मथ सल्फाइड तयार झालेले असते. बिस्मथला गंधकाची विलक्षण ओढ आहे, आणि पुढची सगळी गोष्ट या ओढीवर उभी आहे.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वाढवून दाखवला. अल्सरमागे हाच जिवाणू असतो हे सिद्ध केल्याबद्दल दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. त्या जिवाणूवर आजही बिस्मथ, दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी असा चौपदरी उपचार दिला जातो. प्रतिजैविकांना हा जिवाणू बऱ्याच ठिकाणी सरावला आहे. बिस्मथला सरावलेला मात्र क्वचितच आढळतो. एकाच जागी काम करणाऱ्या औषधाला चुकवायला जिवाणूला एखादा बदल पुरतो. बिस्मथ एकाच वेळी अनेक प्रथिनांना धरतो, म्हणून त्याला चुकवणे जड जाते.

आता एनडीएम-१ च्या खाचेकडे परत जाऊ. दोनपैकी एका जस्ताला धरून ठेवणाऱ्या हातांत सिस्टीन हे अमिनो आम्ल आहे, साखळीतले २०८ व्या क्रमांकाचे. सिस्टीनच्या टोकाला गंधक असते. बिस्मथ तिथे पोहोचला की त्या गंधकाला धरतो. त्याचा अणू जस्ताहून बराच मोठा आहे. हाँगकाँगच्या गटाने एन्झाइमचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्यांची रचना टिपली, तेव्हा खाचेत बिस्मथचा एकच अणू बसलेला दिसला आणि जस्ताचे दोन्ही अणू नाहीसे झाले होते. पाण्याच्या रेणूला आक्रमक करणारे कोणी उरले नाही. हा बदल उलटतही नाही, म्हणजे ते एन्झाइम कायमचे निकामी झाले.

या प्रयोगात वापरलेले कोलॉइडल बिस्मथ सबसायट्रेट हे जुनेच अल्सरचे औषध. मेरोपेनेमच्या जोडीला ते दिल्यावर मेरोपेनेमला न जुमानणारे जिवाणू पुन्हा मरू लागले, आधी काचपात्रात आणि नंतर संसर्ग झालेल्या उंदरांतही. आणखी एक निरीक्षण मला तितकेच महत्त्वाचे वाटते. ही जोडी वापरली तेव्हा जिवाणूंचा प्रतिरोध आणखी वरच्या पातळीवर जाण्याचा वेगही मंदावला.

मग हे औषध उद्यापासून अतिदक्षता विभागात का नाही? कारण पोटात घेतलेला बिस्मथ रक्तात जवळजवळ उतरतच नाही. अल्सरसाठी हा गुण आहे: औषध जिथे हवे तिथेच राहते आणि बाकीचे शरीर सुरक्षित राहते. रक्तातल्या संसर्गासाठी हाच दोष ठरतो. बिस्मथ जास्त प्रमाणात आणि दीर्घकाळ शरीरात गेला तर काय होते, हे फ्रान्सने १९७० च्या दशकात अनुभवले. तिथे पोटाच्या तक्रारींवर बिस्मथची संयुगे महिनोन्‌महिने घेणाऱ्या शेकडो लोकांच्या मेंदूवर परिणाम झाला: गोंधळलेपण, तोल जाणे, झटके. काही जण दगावले. थोडा बिस्मथ मात्र आपल्या पेशी सांभाळून घेतात. पेशीतला ग्लुटाथायोन हा गंधकयुक्त रेणू त्याला पकडतो आणि तो पेशीतल्या छोट्या पिशव्यांमध्ये बंद केला जातो. तेव्हा रक्तात पुरेसा पोहोचेल आणि तरीही पेशींना पेलवेल असे नवे संयुग घडवणे हे रसायनशास्त्रज्ञांपुढचे खरे काम आहे.

जंतूंवर धातू वापरण्याची कल्पना नवी नाही. सिफिलिसवर युरोपात शतकानुशतके पारा चोळला जाई. पॉल एर्लिख यांच्या प्रयोगशाळेत सहाचिरो हाता यांनी १९०९ मध्ये ६०६ क्रमांकाच्या संयुगाचा गुण ओळखला. पुढच्या वर्षी ते साल्व्हार्सान नावाने बाजारात आले. त्यात आर्सेनिक होते, म्हणजे काटेकोरपणे बोलायचे तर अर्धधातू. पुढे पेनिसिलिन आले, मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून एकामागून एक प्रतिजैविके मिळू लागली आणि औषधशास्त्राने धातूंकडे पाठ फिरवली. त्या काळी ते योग्यच होते. पेनिसिलिनसारखे निर्धोक औषध हाती असताना आर्सेनिक कोण टोचून घेईल?

सोन्याची वाट तर फारच वळणावळणाची. रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये सांगितले की सोन्याचे सायनाइड अगदी विरळ द्रावणातही क्षयाच्या जंतूंची वाढ थांबवते. प्राण्यांवर मात्र ते फसले. तरी क्षयावर सोन्याचे क्षार देण्याची लाट येऊन गेली, आणि तिच्यामागून फ्रान्सच्या जाक फोरेस्तिए यांनी १९२९ मध्ये ते संधिवातावर वापरले. तिथे गुण आला. त्याच परंपरेत तोंडाने घ्यायचे सोन्याचे संयुग तयार झाले, ऑरॅनोफिन. अमेरिकेत त्याला १९८५ मध्ये मान्यता मिळाली.

संधिवाताच्या या कॅप्सूलने २०१५ मध्ये जंतूंच्या संशोधकांचे लक्ष वेधले. प्रत्येक पेशीत ऑक्सिजनमुळे सतत नासधूस होत असते आणि ती निस्तरायला गंधकावर चालणारी यंत्रणा लागते. तिच्यातले एक मुख्य एन्झाइम आहे थायोरेडॉक्सिन रिडक्टेज. सोन्यालाही गंधकाची ओढ असल्यामुळे ऑरॅनोफिन हे एन्झाइम बंद करते. क्षयाचा जंतू आणि स्टॅफिलोकोकस यांच्याजवळ ग्लुटाथायोनची पर्यायी व्यवस्था नाही. त्यामुळे ते सापडतात, मेथिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकससुद्धा. ई. कोलाय आणि क्लेबसिएला यांच्याजवळ मात्र ग्लुटाथायोन आहे, शिवाय बाहेरून आणखी एक पटल आहे. म्हणून ते एकट्या ऑरॅनोफिनला पुरून उरतात. तरीही २०२० मध्ये हाँगकाँगच्याच गटाने दाखवले की एनडीएम-१ मधले जस्त सोनेही हुसकावते. म्हणजे स्वतः ज्या जिवाणूला मारता येत नाही, त्याच्याविरुद्ध दुसऱ्या औषधाची धार सोने परत आणू शकते. धातूंचे भविष्य मला अशा साहाय्यक भूमिकेत अधिक दिसते.

गॅलियमची तऱ्हा याहून वेगळी. हा धातू १८७५ मध्ये सापडला. सुमारे ३० अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे मुंबईच्या उन्हाळ्यात तो बाटलीत पातळच राहील. औषधाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे त्याचे लोहाशी असलेले साम्य.

आपल्या शरीरात लोह भरपूर असले तरी मोकळे लोह जवळजवळ नसते. हिमोग्लोबिन, ट्रान्सफेरिन, फेरिटिन अशा प्रथिनांत ते बांधून ठेवलेले असते, आणि संसर्ग झाला की शरीर त्यावरचा पहारा आणखी कडक करते. जिवाणूला तर लोहावाचून श्वसन करता येत नाही, डीएनए बनवता येत नाही. म्हणून तो लोहाला पकडणारे छोटे रेणू बाहेर सोडतो आणि लोहासकट त्यांना परत आत घेतो. स्युडोमोनास या जिवाणूचा हिरवट-पिवळा पायोव्हर्डिन हा असाच एक रेणू.

तीन धनभार असलेला गॅलियमचा आयन आणि तीन धनभार असलेला लोहाचा आयन यांचे आकार जवळपास सारखे आहेत. पायोव्हर्डिनला फरक कळत नाही आणि तो गॅलियमलाच आत घेऊन येतो. लोहाचे सगळे काम एका लकबीवर चालते: एक इलेक्ट्रॉन घेऊन तीनऐवजी दोन धनभारांवर येणे आणि तो सोडून पुन्हा तीनवर जाणे. गॅलियमला हे जमत नाही. कुलपात अगदी नीट बसणारी पण न फिरणारी किल्ली जशी कुलूप अडवून ठेवते, तसा तो एन्झाइमची जागा अडवून बसतो आणि एन्झाइम थांबते. आपल्या हिमोग्लोबिनमधले लोह दोन धनभारांचे असते, म्हणून गॅलियम तिथे शिरत नाही. आणि गॅलियमसाठी दार बंद करायचे तर जिवाणूला स्वतःच्या लोहाचीही वाट अडवावी लागते.

गॅलियम नायट्रेट हे कर्करोगात रक्तातले कॅल्शियम फार वाढल्यास देण्यासाठी अमेरिकेत मान्य झालेले औषध होते. त्यामुळे माणसाला ते किती पेलते आणि जास्त झाल्यास मूत्रपिंडाला कशी इजा होते, हे आधीच माहीत होते. २००७ मध्ये ते स्युडोमोनासला मारते आणि त्याचा चिकट थरही भेदते असे दिसले. २०१८ मध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या २० रुग्णांवरच्या प्राथमिक चाचणीत ते शिरेतून दिल्यावर फुप्फुसांचे काम सुधारल्याचे प्रसिद्ध झाले. वीस ही फार लहान संख्या आहे आणि एवढ्यावरून उपचार ठरत नसतो. पण ही वीस माणसे होती, उंदीर नव्हेत. जपानच्या शिओनोगी कंपनीचे सेफिडेरोकॉल याच वाटेने जाते. त्यात धातू नाही, मात्र ते बाहेरच्या लोहाला पकडते आणि त्याच्याबरोबर जिवाणूच्या आत शिरते. त्याला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

चांदीबद्दल थोडक्यात. भाजलेल्या जखमांवरचे सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम सर्वांच्या परिचयाचे आहे. चांदीला जिवाणू सरावत नाहीत अशी समजूत मात्र चुकीची आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या भाजलेल्यांच्या विभागात १९७० च्या दशकात चांदीला आणि काही प्रतिजैविकांना एकाच वेळी न जुमानणारा साल्मोनेला पसरला होता. चांदी बाहेर फेकणारी जनुके त्याच्या प्लास्मिडवर होती, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकणारी. धातू वापरले की प्रतिरोधाचा प्रश्न कायमचा मिटेल, असे कोणी सांगत असेल तर त्याला हे उदाहरण द्यावे.

नवी संयुगे शोधताना धातूंचा आणखी एक फायदा होतो, तो आकाराचा. कार्बनच्या अणूला जास्तीत जास्त चार हात, त्यामुळे चार वेगवेगळे गट त्याच्याभोवती दोनच प्रकारे मांडता येतात. रुथेनियम किंवा इरिडियम सहा हातांनी सहा दिशांना जोडला जातो. सहा निरनिराळे गट त्याच्याभोवती मांडण्याचे ३० प्रकार होतात. औषधे शोधताना तपासले जाणारे कार्बनी रेणू बरेचदा चपटे असतात, आणि या त्रिमितीय आकारांची मजल निराळ्या खाचांपर्यंत जाऊ शकते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचा को-ॲड हा उपक्रम जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांकडून संयुगे मागवून जंतूंवर विनामूल्य तपासतो. २०२० मध्ये त्यांनी आकडे मांडले. धातू असलेल्या ९०६ संयुगांपैकी ८८ गुणकारी निघाली आणि त्यांनी नोंदवलेले यशाचे प्रमाण ९.९ टक्के होते. धातू नसलेल्या संयुगांचे प्रमाण ०.८७ टक्के. ‘धातू म्हणजे विषारीच’ हा समजही या तपासणीत टिकला नाही. मानवी पेशींना अपाय करण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते.

तरीही धोका धातूगणिक आणि संयुगागणिक बदलतो. १९६५ मध्ये मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. ई. कोलाय वाढत होते पण विभागत नव्हते, लांबच लांब धागे होत होते. कारण निघाले प्लॅटिनमच्या विद्युताग्रातून द्रावणात उतरलेले संयुग. त्यातून सिसप्लॅटिन हे कर्करोगाचे औषध मिळाले. जिवाणूवर दिसलेला गुण माणसाच्या डीएनएलाही तितकाच लागू होता, म्हणून प्रतिजैविक म्हणून त्याचा विचार संपला.

आपल्याकडचा वाचक इथे सुवर्णभस्म आणि रौप्यभस्म आठवेल, म्हणून स्पष्ट लिहितो. वर सांगितलेल्या संयुगांत धातूभोवती कोणते अणू कोणत्या क्रमाने आहेत हे ठाऊक असते, मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरलेली असते आणि परिणाम मोजलेला असतो. या प्रयोगांवरून भस्मांचा गुण सिद्ध होत नाही. घरी कोलॉइडल चांदी पिणाऱ्यांची त्वचा कायमची निळसर-राखाडी होऊ शकते, आणि ती परत उजळत नाही.

बीटा-लॅक्टम औषधे तोडणाऱ्या धातुयुक्त एन्झाइमांवर आज दुसरे उपायही येत आहेत. ॲझट्रिओनाम हे औषध एनडीएम-१ ला तोडता येत नाही. त्याला, सेरीनवर चालणारी एन्झाइमे अडवणाऱ्या ॲव्हिबॅक्टमची जोड दिलेले इंजेक्शन युरोपात २०२४ मध्ये मान्य झाले. बिस्मथला याच्या बरोबरीने उभे राहायचे आहे. माझा अंदाज असा की धातूंची संयुगे रुग्णापर्यंत आधी तिथे पोहोचतील जिथे औषध थेट नेता येते: जखमेवर मलमातून, फुप्फुसात वाफेतून. गॅलियम सायट्रेट श्वासावाटे देण्याच्या चाचण्या झालेल्याच आहेत. रक्तातल्या संसर्गाची पाळी शेवटी येईल. मेरोपेनेम साधारणपणे दर आठ तासांनी शिरेतून द्यावे लागते आणि शरीरातून लवकर निघून जाते. बिस्मथ मात्र मूत्रपिंडात रेंगाळतो. दोघे एकाच वेळी, एकाच ठिकाणी, पुरेशा प्रमाणात जिवाणूपर्यंत पोहोचतील अशी मात्रा बसवणे हे त्या चाचण्यांचे पहिले काम असेल.